खालच्या पेठेचे ‘नको’

एकदा एका शहरात नगराध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली, आणि उमेदवार कोण यापेक्षा उमेदवाराच्या कचेरीत कोण बसते याचीच चर्चा अधिक झाली. शहर तसे लहानच. मधून एक ओढा वाहतो. अलीकडे वरची पेठ, पलीकडे खालची पेठ. वरच्या पेठेत दुकानदार, नोकरदार. खालच्या पेठेत हातावर पोट असणारी माणसे. उमेदवार होती वैजयंता. वरच्या पेठेतली नगरसेविका, स्वभावाने सरळ, कामाला वाघीण, आणि माझी शेजारीण. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. तेव्हा पुढे जे सांगते त्यातले बरेचसे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि जे पाहिले नाही ते भिंतीतून आपोआप ऐकू आलेले आहे.

वैजयंताने बाजारपेठेतल्या एका बंद कापडदुकानाच्या गाळ्यात प्रचाराची कचेरी उघडली आणि तिथे अकरा माणसे नेमली. प्रमुख तिचा धाकटा दीर, भालचंद्र. बाकी कोणी मावसभाऊ, कोणी शाळेतली मैत्रीण, कोणी समोरच्या घरातले. माझी सूनसुद्धा फोनवर बसायची, म्हणून मी या विषयावर बोलत नव्हते. म्हणजे फारसे बोलत नव्हते.

आठवड्याभरात इथल्या सायंदैनिकात ती अकरा नावे आडनावांसकट छापून आली. वर ठळक मथळा : ‘अकरांत खालची पेठ शून्य!’ झाले! शहरात संशयाचे पेव फुटले. कोणी म्हणाले, निवडून आल्यावर नगरपालिकेची कंत्राटे घरातच वाटायची तयारी आहे. कोणी म्हणाले, खालच्या पेठेची माणसे आत घेतली तर आतल्या गोष्टी बाहेर जातील, ही भीती आहे. कचेरीतली माणसे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागली. यादी फोडली कुणी? भालचंद्रने तिघांचे मोबाईल तपासले. माझ्या सुनेचाही! शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले, की यादी कचेरीच्या दर्शनी भिंतीवर पहिल्या दिवसापासून चिकटवलेलीच होती. तरी संशय गेला नाही. संशयाला पुरावा लागत नाही, फक्त जागा लागते.

सर्वांत जास्त दुखावली ती अनसाबाई ढोबळे. खालच्या पेठेतली ही बाई चार घरची धुणीभांडी करते, पण तिचा शब्द पेठेत कोणी खाली पडू देत नाही. ओढ्याकाठचा कचरा हटवण्यासाठी अनसाबाई आणि वैजयंता एका सतरंजीवर नऊ दिवस उपोषणाला बसल्या होत्या. त्या सतरंजीवरच वैजयंता पुढारी झाली, हे सगळ्या शहराला ठाऊक आहे.

एका सकाळी अनसाबाई वैजयंताच्या दाराशी आली. मी तुळशीला पाणी घालत होते.

“मॅडम आहेत का घरात?”

“अनसाताई!” वैजयंता बाहेर आली. “मी तुला कधीपासून मॅडम झाले?”

“कचेरीत गेले होते. भालचंद्रभाऊंनी माझ्याकडून चिठ्ठी भरून घेतली. नाव काय, पत्ता काय, काम काय. मग म्हटलं, आता मॅडमच म्हणावं लागेल.”

“तो नवीन आहे गं. तुला आत खुर्ची हवी होती तर तोंडानं सांगायचंस की!”

“मला खुर्ची नको. मला बसायला वेळ कुठाय?” अनसाबाईने पदर खोचला. “पण पेठ मला विचारते. म्हणते, उपोषणाला आपण आणि खुर्चीला ते, असं कसं? मी काय सांगू त्यांना? रविवारी पाचला समाजमंदिरात बैठक ठेवलीय. तिथं ठरवतील, तुमच्याबरोबर राहायचं का त्या दुसऱ्या उमेदवाराबरोबर जायचं.”

“आणि तू काय म्हणणार आहेस?”

“मी पेठेबरोबर,” असे म्हणून ती पायऱ्या उतरली.

खालची पेठ गेली तर निवडणूक गेली, हे गणित शेंबड्या पोरालाही कळत होते. पण वैजयंताच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटले, की तिला निवडणुकीपेक्षा बारा वर्षांची ती मैत्रीच हातातून सुटताना दिसते आहे.

अशा प्रत्येक अडचणीत वैजयंता एकाच माणसाकडे जात असे. तिला चौथीत शिकवलेले गुरुजी, वय वर्षे ऐंशी पूर्ण, दृष्टी थोडी मंद, बुद्धी लख्ख. शहरातल्या कोणत्याही मोठ्या कार्यात पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे असायची. पाचशे पाने उठली तरी आवाज न चढवता. वैजयंता निघाली तशी मीही निघाले. गुरुजींना लिंबाचे लोणचे द्यायचे बरेच दिवस राहून गेले होते.

वैजयंताने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, “गुरुजी, मला वाटतं यादी अनसाताईनंच छापायला दिली.”

“यादी कुणी छापली ते शोधू नकोस. छापलंय ते खोटं आहे का, तेवढं बघ.”

वैजयंता उसळली. “खोटं नाही, पण त्यात वावगं काय आहे? मी विश्वासातली माणसं घेतली. निवडणुकीत परक्यावर भरवसा ठेवून चालतं का? माझ्या एका माणसानं कुणाशी दुजाभाव केला असेल तर दाखवा. मी आज काढून टाकते त्याला.”

गुरुजी लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, “रविवारी माझं सहस्रचंद्रदर्शन आहे. शाळेच्या मैदानात जेवण आहे, दोन्ही पेठांना आमंत्रण. आचारसंहिता लागायला अजून अवकाश आहे, तेव्हा काळजी नको. आचारी ठरलाय. वाढपी मात्र तुझे ते अकरा दे. आणि तू भांड्याला हात लावायचा नाहीस. माझ्या शेजारी बसायचंस.”

परतताना वैजयंता खुशीत होती. मी मात्र साशंक होते. म्हातारा माणूस बैठकीच्या दिवशीच जेवण घालतो, वाढायला नेमके हेच अकरा मागतो, यात काहीतरी डाव असणार. सापळा लावून भालचंद्रला चारचौघांत पकडायचे असणार. घरी पोहोचताच वैजयंताने दिराला बजावलेले मी भिंतीतून ऐकले : “भाऊजी, रविवारी कुणाला बोट ठेवायला जागा नको. खालच्या पेठेला आधी वाढायचं, आणि हात सढळ ठेवायचा.”

रविवारी मांडवात दोन लांब पंगती बसल्या. कोणी सांगितले नव्हते, पण माणसे ओळखीनेच बसतात. वरची पेठ स्वयंपाकाच्या बाजूच्या पंगतीत, खालची पेठ कुंपणाकडच्या. गुरुजी स्वतः कुंपणाकडच्या पंगतीत अगदी शेवटच्या पानावर बसले, शेजारी वैजयंता. समोर अनसाबाई. मी अशी जागा धरली, की जिथून दोन्ही पंगती दिसाव्यात.

वाढणे सुरू झाले आणि माझी नजर पळीवर खिळली. मसालेभात कुणाला किती, भाजी कुणाला रसाची, कुणाला फोडींची. पुऱ्या फुगलेल्या कुठे जातात, बसलेल्या कुठे. भालचंद्रने बाह्या सरसावल्या होत्या. कुंपणाकडची पंगत त्याने स्वतः घेतली होती. आधी तिथे वाढले, आणि वरच्या पेठेपेक्षा अधिकच वाढले. कोशिंबिरीचा चमचासुद्धा शिगोशीग. मठ्ठा गार, वाट्या भरलेल्या. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. खरे सांगते, मी थोडी निराशच झाले.

मग जिलेबीची दुसरी फेरी निघाली. वरच्या पंगतीत वैजयंताचा मावसभाऊ सदानंद वाढत होता. तिथे नुसता दंगा चालला होता.

“नको रे, साखर वाढलीय माझी!”

“काका, साखर घरी ठेवून यायची. काकूंना मी सांगत नाही, घ्या!”

“सदा, हात काढ, अरे पुरे!”

“पुरे कसं? परवा लग्नात सात खाल्ल्यात, मी मोजल्यात.”

कुंपणाकडच्या पंगतीत भालचंद्र भांडे घेऊन निघाला होता. तिथे शांतता होती.

“जिलेबी?”

“नको.”

“बरं.”

“जिलेबी वाढू?”

“पुरे झाली.”

“बरं.”

एका म्हातारीने पानावर हात आडवा धरला. भालचंद्रने मान तुकवली आणि पुढे गेला. अनसाबाईनेही नुसती मान हलवली. बघता बघता तो पंगतीच्या टोकाला पोहोचला, भांडे जवळजवळ भरलेले.

वैजयंता गुरुजींच्या कानाशी वाकली. मला ऐकू आले. “बघितलंत ना गुरुजी? कुणाला काही कमी पडलं नाही. पोटभर झालंय सगळ्यांचं. तक्रार उगाच आहे.”

गुरुजी काठी टेकून उठले. पंगत चालू असताना यजमान कधी उठत नाही, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. “भालचंद्रा,” ते म्हणाले, “ते भांडं इकडे दे.”

त्याला वाटले गुरुजींना हवी आहे. तो लगबगीने पुढे आला. गुरुजींनी भांडे त्याच्या हातातून काढून घेतले आणि अनसाबाईच्या सुनेला हाक मारली. “मंजुळा, हात धुऊन ये. यापुढं तू वाढ.”

मांडवात पळ्यांचा आवाजही थांबला. भालचंद्रच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भरल्या पंगतीत वाढणाऱ्याच्या हातून भांडे काढणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. माझ्या मागून कोणीतरी पुटपुटले, “जेवायला नाही, भांडण लावायला बोलावलंय.” माझ्याही मनात तेच आले होते.

मंजुळाने सासूकडे पाहिले. अनसाबाई म्हणाली, “अगं, गुरुजी सांगतायत ना? ऊठ.”

मंजुळा भांडे घेऊन पहिल्या पानापासून निघाली.

“सोपानदादा, घ्या.”

“नको गं.”

“नको काय नको? पहाटेपासून हमालीला गेला होता, वहिनी सांगत होती.” आणि दोन जिलेब्या पानावर पडल्या. सोपान हसला आणि त्याने एक लगेच तोंडात टाकली.

“तुम्ही, मामा?”

“पोट भरलंय माझं.”

“भरू दे, जिलेबी फटीतून जाते.”

त्या म्हातारीने पुन्हा हात आडवा धरला. मंजुळा थांबली. “आजे, बोटं किती फाकलीयेत! हात काढ, नाहीतर बोटांतूनच वाढते.” म्हातारीने खुदकन हसून हात काढला. कुंपणाकडची पंगत आता वरच्या पंगतीसारखीच गलका करू लागली. कोणी मठ्ठा मागितला, कोणी पुरी. अर्ध्या पंगतीतच भांडे रिकामे झाले आणि मंजुळाला दुसरे आणावे लागले.

पाने उठल्यावर भालचंद्र गुरुजींसमोर उभा राहिला. “गुरुजी, तुम्ही मोठे आहात. पण माझं काय चुकलं ते सांगा. मी कुणाला कमी वाढलं?”

“कुणालाही नाही. उलट जास्तच वाढलंस.”

“मग?”

“‘नको’ म्हणाले तेव्हा आग्रह का नाही केलास?”

“कसा करणार?” भालचंद्र उसळून म्हणाला. “आधीच पेपरात छापून आलंय. आग्रह केला असता तर म्हणाले असते, मतांसाठी घशात कोंबतोय. तिथं सगळे माझ्याकडे संशयानंच बघत होते.”

“बरोबर बोललास,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “आणि तूही त्यांच्याकडे तसाच बघत होतास.”

ते खुर्चीत बसले. वैजयंता जवळ आली. अनसाबाई पाच पावलांवर पत्रावळी गोळा करत होती, पण तिचे कान इकडेच होते. माझे तर होतेच.

“भालचंद्रा, तुझ्या हातात खोट नाही, मनातही नाही. पण आपल्याकडं पंगतीतलं पहिलं ‘नको’ हा नकार नसतो. जेवणारा त्या शब्दानं समोरच्याला पारखतो, की हा मला ओळखतो का. ओळखणारा वाढपी शब्द ऐकत नाही, बोटं बघतो. तू शब्द ऐकलास. लोक म्हणतात, वाढपी ओळखीचा असला की पानात जास्त पडतं, आणि मग संशय घेतात, की आपल्यांनाच वाढतोय. ते अर्धंच खरं आहे. अनोळखी वाढपी कमी वाढत नाही रे. अनोळखी वाढप्यापाशी माणूस मागत नाही.” मग ते वैजयंताकडे वळले. “उद्या तुझ्या कचेरीत खालच्या पेठेतली बाई रेशनकार्डाचं काम घेऊन येईल. आत अकरा परके चेहरे बघेल. कुणीतरी अदबीनं विचारेल, काय काम होतं? ती म्हणेल, काही नाही, सहज आले होते. आणि परत जाईल. कुणी तिचा अपमान केलेला नसेल, कुणी दुजाभाव केलेला नसेल. आणि तू समजशील, पोटभर झालंय सगळ्यांचं.”

वैजयंताची मान खाली गेली. “मी विश्वासातली माणसं निवडली होती, गुरुजी.”

“तुझ्या विश्वासातली. लोकांच्या विश्वासातली कोण, हे विचारायचं राहिलं.”

“मग ह्या सगळ्यांना काढून टाकू?”

“मी पंगत उठवली का?” गुरुजी म्हणाले. “एक भांडं ह्या हातातून त्या हातात दिलं. तेवढ्यानंही भालचंद्राला किती लागलं बघ. म्हणून तर ते कुणी करत नाही.”

पाचला समाजमंदिरात वैजयंता आली. तिला बोलावले नव्हते. ती मागे सतरंजीवर बसली आणि बरोबर भालचंद्रही बसला. मीही गेले होते. खालच्या पेठेत माझी एक लांबची बहीण राहते, तिची चौकशी करायची होती. बैठकीत लोक मनातले फाडफाड बोलले. कंत्राटे, नातेवाईक, चिठ्ठी भरून घेतली तेही. वैजयंताने एकदाही मध्ये तोंड घातले नाही. शेवटी ती उठली. “माझ्या कचेरीत तुमच्याशी कुणी बोलावं, हे मी तुम्हाला न विचारता ठरवलं. ते चुकलं. तुम्ही नावं सांगा. मला पसंत आहेत का, हे मी विचारणार नाही.”

कोणीतरी मागून म्हणाले, “आणि दीर?”

भालचंद्र उभा राहिला. “प्रमुखाची खुर्ची मी सोडतो. वहिनीचं काम सोडणार नाही. तुमच्या गल्ल्या मला ठाऊक नाहीत. कुणी हिंडवलं तर दारोदार हिंडेन.”

“हिंडा की,” अनसाबाई म्हणाली. “पण चिठ्ठी भरावी लागंल. नाव काय, पत्ता काय, काम काय!”

सगळे समाजमंदिर हसले, आणि सर्वांत शेवटी भालचंद्र. त्या संध्याकाळी खालच्या पेठेने चार नावे दिली. त्यांत मंजुळा होती, आणि तिलाच प्रमुख करायचे ठरले. पाठिंब्याचा निर्णय मात्र पेठेने लगेच दिला नाही. “आधी बघू,” एवढेच म्हणाले.

शहर गप्प बसले नाही, ते कधी बसते? लोक म्हणू लागले, चार खुर्च्या फेकल्या आणि तोंडे बंद केली. कुणी म्हणाले, दीर बाहेरून सूत्रे हलवतोय. मी नाही म्हणाले नाही. माझ्याही मनात थोडे तेच होते. माणसाचा स्वभाव एका जेवणाने बदलत नाही.

पुढच्या आठवड्यात सुनेचा डबा घरी राहिला म्हणून मी कचेरीत गेले. पुढच्या टेबलाशी मंजुळा बसली होती आणि खालच्या पेठेतल्या सहा-सात बायका तिच्याभोवती. वैजयंता आतून बाहेर आली तशा त्या थबकल्या. मंजुळा म्हणाली, “सांगा की. त्यांनाच सांगा.”

एक बाई चाचरत म्हणाली, “ते... दवाखान्याचं होतं.”

खालच्या पेठेतला नगरपालिकेचा दवाखाना वैजयंताने भांडून मंजूर करून घेतला होता. तिच्या कामांतले ते सर्वांत मोठे काम. प्रचाराच्या पत्रकावर त्याचाच फोटो होता.

“काय झालं दवाखान्याला? डॉक्टर येत नाहीत?”

“येतात ना. रोज येतात. दहा ते एक.” बाईने मंजुळाकडे पाहिले. “आम्ही तेव्हा कामावर असतो, बाई. सगळ्याच. लेकराला ताप आला तर एक खाडा होतो. म्हणून आम्ही स्टँडजवळच्या खासगीतच जातो. पहिल्यापासनं.”

वैजयंता भिंतीला टेकली. “चार वर्षं झाली त्या दवाखान्याला. मी दर महिन्याला पेठेत येते. कुणीच कसं सांगितलं नाही?”

“तुम्ही विचारायच्या, दवाखाना चांगला चाललाय ना? चाललाय म्हणायचो.” बाई ओशाळली. “तुम्हाला किती आनंद व्हायचा.”

माझ्या मनात आले, की त्या पंगतीत मी डोळे फाडफाडून कोणाला कमी पडते ते शोधत होते, आणि ‘नको’ म्हणणारी ती सगळी माणसे माझ्यासमोर बसली होती. संशयाची नजर फार तीक्ष्ण असते. पण ती वाढणाऱ्याच्या हातावर असते, जेवणाऱ्याच्या तोंडाकडे तिचे लक्ष जात नाही.

वैजयंताने टेबलावरचे पत्रकांचे गठ्ठे उचलून खाली ठेवले, एक कोरा कागद ओढला आणि त्या बायकांच्या मधोमध बसली.

“संध्याकाळी किती वाजता परतता तुम्ही?”

“सहा-साडेसहा.”

तिने लिहून घेतले. “आणखी?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिले, आणि खुर्च्या पुढे ओढल्या.